जादूची किंमत आधी ठरवा: नऊ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी अद्भुतरम्य साहसकादंबरी लिहिताना

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही सिंधुदुर्गातल्या एका शाळेत शिकवता आणि नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एक अद्भुतरम्य साहसकादंबरी लिहिली आहे. सहावीतली एक मुलगी मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी येते. परसातल्या कोरड्या विहिरीच्या तळाशी तिला एक दार सापडते आणि त्यातून ती दुसऱ्याच राज्यात पोहोचते. राज्य वाचवण्यासाठी जन्मलेली मुलगी ती हीच, असे तिथले वृद्ध ऋषी तिला सांगतात व एक ताईत देतात. त्या ताईताच्या बळावर ती अंधाराच्या राजाला हरवते. हस्तलिखित सत्तर हजार शब्दांचे आहे. वर्गातल्या मुलांनी पहिली पन्नास पाने आवडीने वाचली आणि मग बहुतेकांनी ते बाजूला ठेवले. आणखी राक्षस आणि आणखी जादू हवी होती का, कल्पनाच असेल तर तिला मर्यादा कशाला, आणि इंग्रजी मालिका वाचणाऱ्या मुलांना मराठीतली अशी कादंबरी नकोच असते का, असे तुम्ही विचारले आहे.

या वयोगटासाठीच्या पुस्तकांचे संपादन करताना अशी हस्तलिखिते माझ्यासमोर नेहमी येतात आणि त्यांतली अडचण बहुधा एकच असते. तुमच्याकडे कल्पनाशक्ती कमी नाही. बेडकांचे ओरडणे थांबले की उघडणारे विहिरीतले दार मला फार आवडले. अडचण सुरू होते ती पन्नासाव्या पानावर, जिथे ऋषी मुलीच्या गळ्यात ताईत बांधतात. त्यानंतर पूर येतो तेव्हा ताईत चमकतो आणि पाणी ओसरते. पहारेकरी पकडतात तेव्हा ताईत चमकतो आणि साखळदंड गळून पडतात. मैत्रीण बेशुद्ध पडते तेव्हाही ताईतच चमकतो. तिसऱ्या वेळेपर्यंत वाचणाऱ्या मुलाला कळून चुकते की या मुलीवर कितीही संकटे आली तरी तिला स्वतः काहीच करावे लागणार नाही, आणि पुढचे पान उलटण्याचे कारण तिथेच संपते. म्हणजे तुमच्या कादंबरीत जादू कमी पडलेली नाही. ती जास्त झाली आहे आणि फुकट मिळते आहे.

दहा-अकरा वर्षांचे मूल नियमांच्या बाबतीत मोठ्या माणसापेक्षा काटेकोर असते. लगोरी खेळताना चेंडू पाठीला लागला की नुसता सदऱ्याला घासून गेला, यावरून ही मुले अर्धा तास भांडतील, पण ज्याला नियमच नाहीत असा खेळ ती पाच मिनिटेही खेळणार नाहीत. वाचतानाही त्यांची वृत्ती तीच असते. घोडा उडतो हे ती बिनतक्रार मान्य करतात. मात्र पंख भिजले की उडता येत नाही असे दुसऱ्या प्रकरणात सांगितलेला घोडा नवव्या प्रकरणात धो धो पावसात उडाला, तर ते त्यांच्या लगेच ध्यानात येते आणि लेखकावरचा त्यांचा विश्वास जातो. जादूने काय होते, काय होत नाही आणि ती वापरणाऱ्याला कशाला मुकावे लागते, हे सगळे वाचकाला तिची गरज पडण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे. गरज पडल्यावर सांगितलेला नियम ही लेखकाने काढलेली पळवाट असते आणि मुलांना ती पळवाटच वाटते.

याचा उत्तम नमुना शोधायला फार दूर जावे लागत नाही. विक्रम आणि वेताळाची गोष्ट कित्येक मराठी घरांत ‘चांदोबा’मुळे पोहोचली. १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू व तमिळ भाषांत सुरू झालेल्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ पासून निघू लागली, आणि खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा राजा मुलांच्या रोजच्या ओळखीचा झाला. मूळ कथाचक्र काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त आहे. त्याची बांधणी कादंबरी लिहिणाऱ्याने बारकाईने पाहावी अशी आहे. राजाने मौन राखून प्रेत न्यायचे असते. तो बोलला की प्रेतातला वेताळ परत झाडावर जातो. दुसरीकडे वेताळाने अट घातली आहे की उत्तर ठाऊक असूनही तू गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकले होतील. हे दोन्ही नियम पहिल्याच फेरीत वाचकाला कळतात आणि ते एकमेकांच्या बरोबर विरुद्ध आहेत. राजा शूर आहे, हातात तलवार आहे, पण या कोंडीत तलवारीचा काडीइतकाही उपयोग नाही. तो जितका शहाणा, तितका अधिक अडकत जातो, कारण प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याला येते.

सुटका होते तीही नियमातूनच होते. शेवटच्या गोष्टीत बाप आणि मुलगा यांची लग्ने अशा तऱ्हेने होतात की बापाची बायको मुलगी आणि मुलाची बायको तिची आई, आणि मग त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, असा प्रश्न येतो. राजाला खरोखरच उत्तर सुचत नाही, म्हणून तो गप्प राहतो, आणि गप्प राहूनही अट मोडत नाही. प्रसन्न झालेला वेताळ त्याला सावध करतो की तुला हे काम सांगणारा भिक्षू तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल आणि तू वाकलास की तुझाच बळी देईल, तेव्हा त्याला म्हण, मला असा नमस्कार घालता येत नाही, आधी तू करून दाखव. राजा तसेच करतो आणि वाकलेल्या भिक्षूचे डोके उडवतो. राजाला वेताळाकडून एक माहिती तेवढी मिळते. ती नेमक्या क्षणी, चेहऱ्यावर काही न दाखवता वापरण्याची जबाबदारी त्याची स्वतःची असते. तुमच्या ऋषींनी मुलीला काय द्यावे, याचे उत्तर मला इथे दिसते.

परदेशी बालसाहित्यातही टिकून राहिलेल्या पुस्तकांत हेच आढळते. ई. नेस्बिट यांच्या १९०२ सालच्या ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’मध्ये वाळूत राहणारा एक चिडका प्राणी मुलांची रोज एक इच्छा पुरी करतो आणि सूर्य मावळला की तिचा परिणाम संपतो. मुले सुंदर होण्याची इच्छा करतात, तर घरातले कोणी त्यांना ओळखत नाही आणि त्यांना उपाशी राहावे लागते. खाणभर सोने मागतात, तर ती जुनी नाणी कोणी दुकानदार घ्यायला तयार होत नाही. या पुस्तकात खलनायक नाही, तरी ते कुठे सैल पडत नाही, कारण प्रत्येक इच्छेबरोबर तिची अडचण येते आणि सूर्य मावळेपर्यंत मुलांना तिच्यातून वाट काढावी लागते. जर्मन लेखक मिखाएल एन्डे यांनी १९७९ मध्ये याच कल्पनेला फार खोल नेले. त्यांच्या ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’त नायक मुलगा जी इच्छा करतो ती पुरी होते, पण प्रत्येक इच्छेबरोबर त्याची एक आठवण नाहीशी होते आणि शेवटी तो स्वतःचे नावही विसरतो. वाचणाऱ्या मुलाला हे नायकाच्या आधी कळते, आणि पुढच्या प्रत्येक इच्छेच्या वेळी ते मनातल्या मनात ‘नको, नको’ म्हणत राहते. तुमच्या ताईताने एकदाही कोणाला ‘नको’ म्हणायला लावले नाही.

आता तुमच्याच कथेकडे येते. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीला श्रीदेव वेतोबाचे देऊळ आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, अशी तिथली श्रद्धा आहे. म्हणून भक्त त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात आणि फिरून फिरून त्या झिजतात असे सांगतात. ज्या लेखकाच्या उंबरठ्यापाशी अशी परंपरा आहे, त्याने चमकणारा ताईत कशासाठी आणावा? मी देवाला किंवा देवळाला कथेत आणा असे मुळीच म्हणत नाही. ज्याच्यावर आज हजारो लोकांची श्रद्धा आहे त्याला पात्र करणे योग्य नाही आणि त्याची गरजही नाही. तुमच्या कल्पित गावाला तुमचा कल्पित राखणदार असू द्या. त्याच्या वहाणा घातल्या की माणूस रात्री कोणाला दिसत नाही, हे झाले जादूचे बळ. त्या सूर्योदयानंतर कामाच्या नाहीत, ही झाली मर्यादा. आणि किंमत अशी की ज्या रात्री मुलगी त्या घालते त्या रात्री राखणदार अनवाणी असतो, म्हणून त्याला गावाबाहेर फेरी घालता येत नाही आणि गाव उघडे पडते. शिवाय प्रत्येक पावलागणिक तळवा झिजतो आणि झिजलेला तळवा पुन्हा भरत नाही.

ही मांडणी कागदावर कशी उतरेल, याचा अंदाज यावा म्हणून काही ओळी लिहून दाखवते. त्या तशाच घ्या असा आग्रह नाही.

“वहाणा तिच्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत लांब होत्या. तिने पट्ट्यात पाय अडकवला आणि एक पाऊल टाकले. अंगणातली दोन्ही कुत्री भुंकायची थांबली. ती तिच्याकडेच तोंड करून उभी होती, पण त्यांना ती दिसत नव्हती. तेवढ्यात पाणंदीच्या टोकाला, खालच्या वाडीच्या बाजूने, गुरांच्या गळ्यातल्या घंटा एकदम वाजू लागल्या, आणि आज रात्री तिकडे कोणी फिरकणार नाही हे तिच्या लक्षात आले.”

इथे वहाणांचा आकार, त्यांचे बळ आणि त्यांची किंमत एकाच परिच्छेदात आली आहे आणि ‘जादू’ हा शब्द एकदाही वापरावा लागलेला नाही. पुढच्या प्रत्येक संकटात आता वाचकासमोर दोन गोष्टी उभ्या राहतात. मुलीने वहाणा घातल्या तर ती वाचेल, पण गावातल्या कोणावर तरी संकट येईल. घातल्या नाहीत तर तिला स्वतःच्या पायांवर आणि डोक्यावर विसंबावे लागेल. तळवा किती उरला आहे हे तुम्ही अधूनमधून सांगत राहिलात, सुरुवातीला बोटभर, मग अर्धे बोट, मग खालचे खडे टोचू लागतील इतका पातळ, तर मूल तुमच्याबरोबर मोजत राहील. शेवटच्या लढाईत वहाणा मुळीच चालू नयेत. त्या आधीच्या प्रकरणात संपल्या असाव्यात, आणि संपवण्याचा निर्णय मुलीने जाणूनबुजून, दुसऱ्या कोणासाठी तरी घेतलेला असावा.

कोकणातल्या लोककथांत अशा तयार नियमांची खाण आहे आणि आपले लेखक तिच्याकडे फार कमी वळतात. मुंजा पिंपळावर राहतो, तो दुसऱ्या झाडावर का जात नाही हे कोणी विचारत नाही, कारण तो नियम सर्वांना मान्य असतो. चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या जागेभोवती फिरतो आणि उजाडल्यावर पाहतो तर घर हाकेच्या अंतरावर असते. या एका चकव्यावर दोन प्रकरणे उभी राहू शकतील. अट एवढीच की त्यातून सुटण्याचा मार्ग आधी कुठेतरी, आजीच्या बोलण्यात म्हणा किंवा गाण्याच्या एखाद्या ओळीत म्हणा, सहज येऊन गेलेला असावा.

काही पालक आणि शिक्षक विचारतात की भुतेखेते, वेताळ, चकवा यांच्या गोष्टींनी मुले अंधश्रद्ध होतील का. तुमच्या शाळेतही हा प्रश्न निघाल्याचे तुम्ही लिहिले आहे. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यामुळे शाळा याबाबतीत सावध असतात आणि ते योग्यच आहे. माझे मत असे की चांगली अद्भुतकथा अंधश्रद्धेच्या विरुद्ध काम करते. तिच्यात नियम असतात, कारण आणि परिणाम असतात, आणि फसवणूक ओळखणारा नायक जिंकतो. वर सांगितलेल्या कथेत खरा दुष्ट कोण आहे ते पाहा. वेताळ राजाला सावध करतो, आणि सिद्धी मिळवण्यासाठी नरबळी द्यायला निघालेला असतो तो साधूच्या वेषातला माणूस. तुमच्या अंधाराच्या राजाऐवजी, ‘राखणदाराला मीच वश केले आहे, मला दक्षिणा द्या’ असे गावाला सांगणारा एखादा ढोंगी माणूस आणलात, तर कादंबरीला खलनायकही मिळेल आणि शाळेच्या शंकेचे उत्तरही. अंधाराचा राजा सिंहासनावर बसून हसण्यापलीकडे काही करत नाही. या ढोंग्याला मात्र मुलीच्या आजीच्या ओटीवर बसून चहा पिता येईल आणि बोलता बोलता मुलीच्या पायांकडे पाहता येईल. मुलांना त्याची भीती कितीतरी अधिक वाटेल.

‘राज्य वाचवण्यासाठी जन्मलेली मुलगी’ ही कल्पना काढून टाका, असे मी स्पष्टपणे सुचवते. या वयाची मुले घरात आणि शाळेत सतत दुसऱ्यांनी ठरवलेल्या गोष्टी करत असतात. उठायचे केव्हा, शिकायचे काय, जेवायचे काय, सगळे दुसरे कोणी ठरवते. साहसकथेत त्यांना हवा असतो तो स्वतः निर्णय घेणारा मुलगा किंवा मुलगी. नशिबानेच निवडलेल्या नायिकेचा निर्णय पुन्हा दुसऱ्याच कोणीतरी घेतलेला असतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा आहे, सायकलवर भटकतो आणि नको तिथे नाक खुपसतो, एवढे भांडवल त्याला पुरते. त्या कथा अद्भुताच्या नाहीत, पण नायकाला गोष्टीत कसे ओढायचे ते त्यांच्याकडून शिकावे. तुमच्या मुलीने विहिरीत उतरण्याचे कारण तिचे स्वतःचे असू द्या. आजीने सक्त मनाई केली आहे आणि तरीही ती उतरते, कारण मामेभावाची नवी बॅट तिच्या हातून विहिरीत पडली आहे आणि ते तिला कोणाला कळू द्यायचे नाही. एवढे छोटे कारण पुरते, किंबहुना छोटेच हवे. पुढे जे घडते त्यात तिच्या लपवालपवीचा हात असतो, म्हणून ते निस्तरायची जबाबदारीही तिचीच ठरते.

मोठी माणसे वाटेतून दूर करणे हे या प्रकारातले जुने तांत्रिक काम आहे. त्यासाठी आईवडिलांना मारून टाकण्याची काही गरज नसते. मे महिन्यातले आजोळ त्यासाठी उत्तम आहे, कारण मोठी माणसे आंब्याच्या गडबडीत असतात आणि मुलांकडे पाहायला कोणाला फुरसत नसते. तुम्ही ही जागा निवडलीत आणि मग दुसऱ्या राज्यात जाऊन तिथे पुन्हा ऋषी, सेनापती, राणी आणि मंत्री अशी मोठी माणसे उभी केलीत. त्यांतली किमान दोन काढा. ऋषींना ठेवायचेच असेल तर ते एखाद्या महत्त्वाच्या बाबतीत चुकलेले असावेत आणि ते मुलीला कळावे.

तुमच्या दुसऱ्या राज्याचा भूगोल मला कुठेच हाताला लागला नाही. डोंगर आहेत, नदी आहे, किल्ला आहे, पण नदी ओलांडून किल्ल्यापर्यंत जायला एकदा तीन दिवस लागतात आणि परत येताना ती मंडळी संध्याकाळपर्यंत पोहोचतात. एका मोठ्या कागदावर नकाशा काढा, पुस्तकात छापायचा नसला तरी काढाच. दहा-अकरा वर्षांचे मूल घाटवाटेने, पाठीवर ओझे घेऊन दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटरच्या पुढे फारसे जाणार नाही, हे धरून अंतरे ठरवा. ती काय खातात, पाणी कुठे मिळते, रात्री कुठे झोपतात, हेही त्या नकाशावर लिहा. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३७ सालच्या ‘द हॉबिट’साठी नकाशा स्वतः काढला होता आणि त्या कथेत नकाशालाच काम दिले आहे. त्यावरची काही अक्षरे चंद्राच्या प्रकाशातच दिसतात, तीही ज्या ऋतूत आणि चंद्राच्या ज्या कलेला ती लिहिली गेली तीच वेळ पुन्हा आली तर. प्रवासाचा सारा हिशेब त्यामुळे एका विशिष्ट दिवसाशी बांधला जातो. तुम्हाला नकाशाची कल्पना जवळ हवी असेल, तर जुन्नरजवळचा नाणेघाट एकदा चढून पाहा. सातवाहनांच्या काळातले ब्राह्मी लेख असलेली गुहा, वर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आणि कड्याखाली पसरलेले कोकण, हे एका रेषेत दिसते. अद्भुत राज्याची वेस कशी असावी, हे तिथे उभे राहिले की शब्दांशिवाय कळते.

भीतीबद्दल थोडेच सांगते. या वयाचे मूल भीती सोसू शकते, मृत्यूही सोसू शकते. असहायता मात्र त्याला सोसत नाही. प्रसंग कितीही भयंकर असला तरी नायिकेला करण्यासारखे काहीतरी, अगदी क्षुल्लक का होईना, उरलेले असावे. रक्त आणि जखमा यांचे वर्णन एका वाक्यात उरका.

भाषेबद्दल मात्र मला जरा अधिक बोलायचे आहे. तुमची मुलगी आजीशी बोलते ते संवाद जिवंत आहेत, कारण तुम्ही ते कानांनी ऐकलेले आहेत. विहिरीपलीकडे गेल्यावर सगळी पात्रे ‘हे बालिके, तुझे स्वागत असो’ अशी बोलू लागतात, जणू अद्भुत म्हटले की पौराणिक मालिकेतलीच बोली हवी. मुले या भाषेला कंटाळतात आणि त्याहून वाईट म्हणजे सगळी पात्रे त्यांना एकाच आवाजात ऐकू येतात. पलीकडच्या राज्यात मालवणी का बोलत नसावेत? दारावरचा पहारेकरी बेडूक ‘खंय जातंस गो?’ असे विचारील, तर सिंधुदुर्गातले मूल खुदकन हसेल आणि नागपूरचे मूलही संदर्भाने समजून घेईल. हवे तर एका पात्राला मालवणी द्या, एकाला फक्त प्रश्नांतच बोलायची खोड द्या, एकाला अर्धे वाक्य गिळायची. पात्राचे नाव झाकले तरी कोण बोलते आहे हे ओळखू आले पाहिजे. नावेही लहान आणि जिभेवर बसणारी ठेवा. तुमच्या हस्तलिखितात विक्रांत, विराट, वीरसेन आणि विद्युल्लता एकाच प्रकरणात येतात, आणि त्यांतले कोण बाजूचे व कोण शत्रूकडचे, हे मला दोनदा मागे जाऊन पाहावे लागले. मूल मागे जाणार नाही.

सत्तर हजार शब्द या वयासाठी जास्त आहेत. तीस ते चाळीस हजारांत ही कथा बसेल, आणि वर सुचवलेली पात्रे व प्रसंग गेले की ती आपोआप त्या मापात येईल. प्रकरण साधारण दीड हजार शब्दांचे ठेवा. मोठ्याने वाचायला तेवढ्याला पाव तास लागतो, म्हणजे शाळेतल्या तासिकेच्या शेवटी किंवा रात्री निजण्यापूर्वी एक प्रकरण पुरे होते. प्रकरण संपताना दरवेळी कोणाला कड्यावर लटकवण्याचे कारण नाही. एक नवीन गोष्ट कळली आणि तिच्यामुळे आधीची समजूत चुकीची ठरली, एवढ्यानेही मूल पुढचे पान उघडते.

दुसरा खर्डा मुलांच्या हाती देऊ नका. त्यांना तो वाचून दाखवा, आणि वाचताना पुस्तकाकडे जितके पाहाल तितकेच त्यांच्याकडे पाहा. कुठे चुळबूळ सुरू होते, कुठे कोणी पेन्सिल उचलते, त्या ओळीशी खूण करा. ‘आवडले का?’ असे विचारलेत तर शिक्षकांना सारी मुले हो म्हणतील. त्याऐवजी ‘पुढे काय होईल?’ असे विचारा. सगळ्यांनी एकच उत्तर दिले आणि ते बरोबर असले, तर कथा फार उघडी आहे. कोणालाच काही सुचले नाही, तर नियम पुरेसे सांगितलेले नाहीत. निरनिराळी उत्तरे येऊन मुलांची आपापसांत जुंपली, तर त्या प्रकरणाला हात लावू नका. लंडनच्या प्रकाशकाने टॉल्किन यांचे हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनर अनविनला, वाचायला दिले होते आणि अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग दिला होता. मुलाचा अभिप्राय चांगला होता आणि पुस्तक निघाले.

इंग्रजी मालिकांची भीती मनातून काढा. हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक १९९७ मध्ये आले आणि पुढे त्याचा मराठी अनुवादही आपल्या मुलांनी वाचला. त्यातला वाडा, बर्फ आणि घुबडे यांच्यापेक्षा मुले त्या शाळेत रमली. तिथेही वेळापत्रक आहे, नावडते शिक्षक आहेत, गुण कापले जातात, संघांचे सामने होतात. मुलांना जे रोज माहीत आहे त्याच्यावर अद्भुत बसवले की ते त्यांचे होते, मग ते कोणत्याही देशातले असो. तुमच्याकडे आंब्याची अढी आहे, ओटीवरचे झोपाळे आहेत, दशावतारी नाटकाची रात्र आहे. दशावतारात राक्षस रंगवणारा माणूस दिवसा कोणते काम करतो, हे गावातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते, आणि तरीही रात्री ते त्याला घाबरते. एवढे साहित्य हाताशी असताना बर्फाच्या डोंगरांकडे जाण्याची गरज नाही. कादंबरी पुरी होईपर्यंत हात बसावा असे वाटत असेल, तर याच गावातल्या दोन-तीन छोट्या गोष्टी लिहा आणि बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाकडे पाठवून पाहा. १९७१ पासून ते या वयाच्या मुलांसाठी निघते आहे आणि तिथली शब्दमर्यादा नवख्या लेखकाला चांगली शिस्त लावते.

शेवटच्या प्रकरणाबद्दल एक सूचना. सध्या ते राज्याभिषेकावर संपते आणि मुलगी पलीकडेच राणी होऊन राहते. तिला परत आणा. विहिरीतून वर आल्यावर आजी तिला काय विचारते आणि ती त्यातले किती सांगते, हे दृश्य तुमच्या कादंबरीत नाहीच, आणि ते वाचायला मी शेवटपर्यंत थांबले होते. बॅटचा प्रश्नही अजून शिल्लक आहे, मामेभावाला तिने काय सांगितले हे मुले नक्की विचारतील. हे प्रकरण इतर प्रकरणांपेक्षा लहान ठेवा. राखणदाराला नव्या वहाणा कोण करून देणार, याची सोय मात्र त्यातच लावा. ती दुसऱ्या भागासाठी राखून ठेवू नका, कारण दुसरा भाग निघेपर्यंत तुमची आजची सहावी आठवीत गेलेली असेल.